न बदललेला पट्टा

माझ्या सासऱ्यांना सगळा गाव मेजर म्हणायचा आणि ते दर वेळी म्हणायचे, "मेजर नाय, नाईक." नाईक हा मेजरच्या कितीतरी खालचा हुद्दा; आपल्याकडे फौजेतून परत आलेला कुठलाही माणूस मेजर असतो, ते कुणी मनावर घेत नाही. पण मामंजी घ्यायचे. लग्नाच्या मांडवात कुणी "या मेजर" म्हटलं की ते पुढे टाकलेलं पाऊल मागे घेत, दुरुस्ती करत आणि मगच आत येत. लोकांना तो विनय वाटायचा. मी नव्यानं घरात आले तेव्हा मला हट्ट वाटला. दोन्ही नव्हतं, हे पुढं कळलं.

ते आता नाहीत. ज्यांच्यामुळे ही गोष्ट इतकी वर्षं कुणाला सांगता येत नव्हती ते पेणचे काकाही आता नाहीत. तरी नावं सांगत नाही.

मामंजींचं गॅरेज खांबला, हायवेच्या कडेला होतं आणि घर वरशाला. गॅरेज म्हणजे वर पत्रे, तीन बाजूंना कुडाच्या भिंती आणि मधोमध गाडीखाली उतरायला खणलेला खड्डा. टेम्पो, जीप, ट्रॅक्टर, जे येईल ते. ते माणसांशी आपल्या बोलीत बोलायचे आणि इंजिनाशी हिंदीत. "क्या हुआ बेटा, बोल," असं बॉनेटमध्ये डोकं घालून विचारायचे. नवीन गिऱ्हाईक इकडे तिकडे बघायचं, की आणखी कोण आहे इथं.

हे चालून जायचं. पण त्यांच्या दोन सवयींनी लोक वैतागायचे. एक म्हणजे कुणी "जरा घाई आहे" असं म्हटलं की ते हातातला पाना खाली ठेवायचे. "मग आज नको. घाई नसंल तवा या." गिऱ्हाईक हात जोडायचं, कुणी आजारी असल्याचं सांगायचं, तरी ते पाना उचलत नसत. शेवटी त्याला समोरच्या टपरीवर चहाला पाठवायचे आणि तो शांतपणे चहा पितोय हे बघून काम सुरू करायचे. दुसरी सवय म्हणजे पट्टा. गाडी कशालाही आलेली असो, ते आधी फॅन बेल्ट बघणार, बोटानं दाबणार, उलटा करून उजेडात धरणार आणि जरा शंका आली की बदलून टाकणार. मालकाला विचारायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत. नवरा कपाळाला हात लावायचा. "बाबा, तो चांगला होता." ते म्हणायचे, "चांगला दिसत व्हता."

मी हे वाक्य लग्नाआधीच ऐकलं होतं.

माझं माहेर पेणचं. आमच्या आळीत गणपतीचे कारखाने, माझे वडील त्यातल्याच एकात रंगकाम करायचे. आमच्या घराला लागून काकांची पिठाची गिरणी होती. काका फौजेतून आलेले, उजवा पाय पुढून अर्धा गेलेला, बुटात कापूस भरून चालायचे. सीमेवर पायाला गोळी लागली, हे आम्हा मुलांना पाढ्यांसारखं पाठ होतं. स्वातंत्र्यदिनाला आणि प्रजासत्ताक दिनाला काका निळा कोट घालून, पदकं लावून आमच्या शाळेत यायचे आणि झेंडा त्यांच्या हातून फडकायचा. कोणी पोरगं विचारायचं, "काका, गोळी कुठून आली?" काका लांब कुठेतरी बोट दाखवायचे आणि आम्ही सगळे तिकडे वळून बघायचो.

त्यांच्याकडे रोह्याकडचा एक माणूस मोटरसायकलवर यायचा. आल्यावर फार बोलायचा नाही. गिरणी उघडायचा, साफ करायचा, तेल द्यायचा, पट्टा बदलायचा आणि जायचा. एकदा मी गव्हाचा डबा घेऊन उभी होते, घरी पाहुणे आले होते आणि ह्या माणसानं गिरणी बंद करून ठेवलेली. मी म्हटलं, "पट्टा चांगला आहे की. कशाला बदलता?"

"चांगला दिसतो, म्हनून," तो म्हणाला.

"मग दिसायला लागला वाईट की बदला. आमच्याकडे माणसं जेवायची थांबलीत."

काका आतून हसले. त्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पट्टा बदलूनच गिरणी सुरू केली. काही महिन्यांनी काका आमच्या घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "नाईकाच्या मुलासाठी विचारतोय. तो म्हणतो, घरात आपल्याशी भांडणारं कुणी नाय, ही पोरगी चालंल."

असं माझं लग्न झालं. भांडले मी पुष्कळ. पण तो माणूस घराचा होता, एवढं म्हटलंच पाहिजे. अंधार पडायच्या आत गॅरेज बंद. घरातलं सगळं माणूस आत आल्याशिवाय जेवायचे नाहीत. माझा नवरा कंपनीत, त्याची शिफ्ट बदलायची, बस चुकायची, तोवर हे नाक्यावर जाऊन उभे. सासूबाई म्हणायच्या, "अवो, पोर काय हरवलाय काय? येल की." ते म्हणायचे, "यील. तू भात गरम ठेव." माझा मुलगा झाला तेव्हा त्याला रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन त्याच्या पायांना तेल चोळायचे. बाकी अंगाला मी लावायची, पाय त्यांचे. एकेक बोट धरून चोळायचे आणि इतक्या निरखून बघायचे की मला हसू यायचं. मुलगा चालायला लागला, शाळेत जायला लागला, तरी त्याच्या पायात थंडीचे मोजे आहेत ना हे विचारायचे. वरशाला मोजे घालण्याइतकी थंडी कधी पडते?

एक गोष्ट मात्र नवऱ्याला लागलेली होती आणि ती त्यानं मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितली. त्याच्या वाढदिवसाला वडील कधी घरात नसत. लहानपणी आई शिरा करायची, औक्षण करायची आणि बाबा मोटरसायकल काढून पेणला गेलेले असायचे. "बहिणीच्या वाढदिवसाला असायचे," तो म्हणाला. "माझ्याच नाही." एकदा त्यानं विचारलंही होतं. त्यावर त्यांनी, "काम व्हतं रे," एवढंच सांगितलं होतं. तो पुढे विचारायचा थांबला, पण विसरला नाही. काही मुलं बापाच्या माराबद्दल बोलतात तसं तो ह्या पेणच्या फेऱ्यांबद्दल बोलायचा.

फौजेबद्दल मामंजी काहीच सांगायचे नाहीत. पदकं ट्रंकेत तळाशी, डांबराच्या गोळ्यांबरोबर. गावच्या शाळेनं झेंड्याला बोलावलं की त्या दिवशी त्यांना नेमका ताप यायचा. सासूबाईंना तुटकतुटक माहीत होतं. वर बर्फाच्या बाजूला पोस्टिंग होतं, गाड्या दुरुस्त करायचे, पेणचे काका तिथंच डायव्हर होते, एकदा गाडी बर्फात अडकली होती. काकांच्या पायाला गोळी लागलेली मला माहीत होती, इकडे बर्फाची गोष्ट ऐकली. मी धरून चालले की दोन्ही झालं असेल, फौजेत काय काय होत असतं.

एका वर्षी आमच्याकडच्या मंडळानं प्रजासत्ताक दिनाला माजी सैनिकांचा सत्कार ठरवला. नवरा मंडळात होता. गावात स्वतःच्या बापाचा सत्कार, त्याला किती वाटलं असेल. त्यानं महिनाभर त्यांच्या मागे लकडा लावला. ते नाही म्हणायचे, उठून जायचे. शेवटी तो म्हणाला, "बाबा, माझ्यासाठी तुम्ही कधी काही केलं नाहीत. एवढं एक करा." ते म्हणाले, "बरं."

मी कोटाला इस्त्री केली. सासूबाईंनी पदकं चिंचेनं घासली.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. मंडळाच्या सेक्रेटरीला प्रत्येकाची माहिती वाचायची होती. त्यानं नवऱ्याला आधी विचारलं होतं, तुझ्या वडिलांनी काय केलं. नवऱ्याला जे माहीत होतं ते त्यानं सांगितलं. बर्फ, अडकलेली गाडी, पाय गेलेला मित्र. उरलेलं सेक्रेटरीनं भरलं. माईकवरून आवाज आला की जिवाची पर्वा न करता हे वीर जवान हिमवादळात धावले आणि जखमी सहकाऱ्याला पाठीवर घेऊन त्यांनी त्याचे प्राण वाचवले.

मामंजी खुर्चीतून उठले. शाल अजून यायची होती, लोकांना वाटलं चुकून उठले. ते माईकपाशी गेले आणि सेक्रेटरीला हातानं बाजूला केलं.

"हे खोटं हाय," ते म्हणाले. "मी कुनाला पाठीवर घेतला नाय. मी तिथं नव्हतोच. गाडी निघायच्या आदी बघून सोडायची, हे माजं काम व्हतं. पट्टा घासलेला व्हता, मी बघितला व्हता. बदलायला येळ लागला असता. मला सकाळी रजेवर निघायचं व्हतं, पोराचं बारसं व्हतं. म्हटलं एक खेप काढंल. नाय काढली. वाटंत तुटला, इंजिन गेलं, वादळ आलं. डायवर रातभर गाडीत. त्याचा पाय गेला. मी तवा रेल्वेत बसून घरी येत व्हतो. तो पेनला असतो, गिरणी हाय त्याची. त्याला विचारा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. बारसं हा शब्द त्याच्यापर्यंत पोचला होता, तोंड उतरलं होतं. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. एकानं वाजवली की दुसरा वाजवतो. सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. प्रमुख पाहुणे उठून म्हणाले, एवढं मोठं काम करून असं बोलायला मोठं मन लागतं, ही आपल्या जवानांची नम्रता. आणि त्यांनी मामंजींच्या खांद्यावर शाल घातली. ते शाल अंगावर घेऊन उभे राहिले. इतका लाजलेला माणूस मी त्याआधी आणि नंतर पाहिला नाही. जे सांगायला आयुष्य गेलं ते सांगून झालं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा ओटीवर त्यांच्यासमोर जाऊन बसला. "म्हणजे माझ्यामुळे," तो म्हणाला.

"तुजा काय दोष? तू पाळन्यात व्हतास."

"म्हणून माझ्या वाढदिवसाला..."

"पेनला जायाचो. तुजं तोंड बघितलं की त्याचा पाय आठवायचा. आनि त्याचा पाय बघितला की तू." त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. "तुला वाटलं आसंल, बापाला आपन नकोय."

नवऱ्याला वाटलंच होतं, ते नाही म्हणायचं कसं?

कुणी ऐकलं नव्हतं असं मी म्हटलं, ते वरशापुरतं. मांडवातल्या कोणीतरी फोनवर भाषण घेतलं होतं आणि ते फिरत फिरत पेणला पोचलं. आईचा फोन आला. "अगं, काकांची गिरणी बंद आहे. दार लावून बसलेत. पोरं विचारायला गेली होती, काका, गोळी नव्हती का लागली म्हणून."

मामंजी त्याच दुपारी निघाले. एकट्याला सोडवेना म्हणून मीही बरोबर गेले. गिरणीच्या मागच्या खोलीत काका बसले होते, बूट काढलेला, अर्धा पाय उघडा. मी लहानपणापासून त्या आळीत वाढले, तो पाय मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी झाकायचा प्रयत्नही केला नाही.

"तुला मी कधी बोल लावला?" काका म्हणाले. "एकदा तरी?"

"नाय."

"पट्टा तुटला, तुटतो. मी तुला हॉस्पिटलातच सांगितलं होतं, विषय संपला. तुझा संपला नाही. तू येत राहिलास, माझा पाय बघत राहिलास. मी म्हटलं, येऊ दे, त्याला बरं वाटतं. पण तुझं ओझं उतरवायला तुला माझीच मान मिळाली?"

"त्यांनी मला वर चढवला. मी तुला वाचवला म्हनाले. ते कसं ऐकू?"

"ऐकायचं होतंस. मी नाही का ऐकत, दर वर्षी?" मग माझ्याकडे वळून, जणू मला उत्तर द्यायचं होतं, ते म्हणाले, "पोरी, मी घरी आलो तेव्हा आख्खी आळी दारात उभी होती. आईनं विचारलं, कसं झालं रे? थंडीनं पाय गेला, असं सांगायचं? ह्या आळीत? इथं घामानं माणूस मरतो. हसले असते लोक. तोंडातून गोळी निघून गेली. एकदा निघाल्यावर परत कशी घेणार? त्या गोळीच्या जोरावर माझं लग्न झालं, झेंडा मिळाला. रोज सकाळी ह्या रस्त्यानं लंगडत जाताना तिचाच आधार होता."

मामंजींना हे सगळं माहीत होतं. म्हणूनच ते इतकी वर्षं गप्प होते. मी त्यांच्या तापाचा आणि ट्रंकेचा अर्थ तेव्हा लावला. स्वतःच्या लाजेनं ते गप्प होते हे खरं, पण मित्राची लाजही त्यांनी त्याच ट्रंकेत ठेवली होती. आणि एका दुपारी, पाच मिनिटांत, दोन्ही बाहेर काढून बसले.

"जा आता," काका म्हणाले. "गिरणी मी बघून घेईन."

पुढचे महिने मामंजी खांबला जायचे, पण बसून राहायचे. जुनं गिऱ्हाईक आलं तरच उठायचे. पेणला जाऊन यायचे, काका दार उघडत नसत. उन्हाळा संपला, भातं लागली. ऑगस्टच्या सुरुवातीला आई फोनवर सहज म्हणाली, ह्या वेळी शाळेनं काकांना बोलावलेलं नाही. नवीन मुख्याध्यापक आहेत, त्यांनीही ते भाषण बघितलंय.

मी हे मामंजींना सांगितलं. त्यांनी कपडे बदलले आणि म्हणाले, "तुजी शाळा ना ती? चल."

मुख्याध्यापक तरुण होते, अदबीनं बोलले. मामंजी खुर्चीच्या कडेला टेकले. त्यांचे कान लाल झाले होते. "साहेब," ते म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो त्ये मनाव घेऊ नका. माजं वय झालंय. डोकं जाग्यावर ऱ्हात नाय, काय तरी बरळतो. ही माजी सून हाय, तिला विचारा." मी मान हलवली. काय करणार होते? "डायवरला गोळीच लागली. मी व्हतो तिथं. मी बघितली."

जो माणूस मेजरची दुरुस्ती केल्याशिवाय लग्नाच्या मांडवातही शिरायचा नाही, तो हे बोलत होता. मुख्याध्यापकांना मात्र हायसं वाटलं. त्यांनी लगेच आळीत माणूस पाठवला.

स्वातंत्र्यदिनाला नवऱ्यानं गाडी काढली, आम्ही सगळे गेलो. मामंजी आत आले नाहीत, फाटकाबाहेर उभे राहिले. काकांनी झेंडा फडकवला. निळा कोट त्यांना ढगळ झाला होता. कार्यक्रम संपल्यावर मुलं खाऊच्या रांगेत गेली आणि काका लंगडत फाटकाकडे आले. मामंजींनी शाळेत काय सांगितलं ते त्यांच्या कानावर गेलं होतंच.

"तू वेडा आहेस असं सांगितलंस म्हणे."

"व्हय."

"आणि गोळी बघितली म्हणालास."

"व्हय."

"आता तुझं माझं सारखं झालं, नाईक," ते म्हणाले. "इतकी वर्षं तू वर उभा राहून माझी माफी मागत होतास. आता खाली आलास." त्यांनी मामंजींचा दंड धरला आणि तसेच आधार घेत गिरणीपर्यंत चालत गेले. ते दोघं पुढे, आम्ही मागे. आळीतली माणसं दारात येऊन बघत होती आणि मामंजी मान वर करत नव्हते.

परत येताना नागोठण्याच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. नवऱ्याला वाटलं, उलटी होतेय. ते उतरले, पुढच्या दाराशी आले आणि काच खाली करायची खूण केली. माझा मुलगा मागे माझ्या मांडीवर झोपला होता.

"पेनात मी जे सांगितलं ते पेनातल्या लोकांसाटी," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "ते त्याचं हाय, कुनी पुसायचं नाय. पन घरात ते आनू नको. उद्या ह्यो विचारील, आजानं फौजेत काय केलं. तवा खरं सांग. पट्टा बघितला, बदलला नाय."

"लाज वाटेल त्याला, बाबा."

"वाटू दे," ते म्हणाले. "लाजेनं मानूस मरत नाय. मी जगलोच की."

ते मागे येऊन बसले. नवऱ्यानं गाडी सुरू केली.